मदत हवी आहे : एसी लावला की गाडी थरथरते. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंट) गेलं की इंजेक्टर (डिझेल फवारणारा)?

मंडळी, गाडी 2013 ची डिझेल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेत. घर मानेवाड्याला, ऑफिस हिंगणा एमआयडीसीत, त्यामुळे रोजचा रिंग रोड आणि रोजचे सिग्नल. मे महिन्यापासून सिग्नलला उभी केली की थरथरून राहिली. एसी बंद असला तर चालून जातं. कॉम्प्रेसर लागला की आतल्या आरशात मागचा ऑटो दोन-दोन दिसतो. न्यूट्रलमध्येच थोडी रेस दिली, काटा 1500 च्या वर गेला की सगळं शांत.

दुसरं, बंद करताना. पूर्वी चावी फिरवली की इंजिन गप व्हायचं. आता आधी एक हिसका देतं आणि बॉनेटखालून ‘धड्’. सोसायटीच्या रॅम्पवर रिव्हर्स टाकून क्लच सोडला की तोच आवाज, पण पायाखालून. बायको म्हणाली, "खालून कोणी लाथ मारून राहिलं का?" माझ्यापेक्षा तिचंच वर्णन नेमकं आहे.

तिघांना दाखवली. पहिल्यानं बॉनेट न उघडताच इंजेक्टर सांगितलं. दुसऱ्यानं क्लच प्लेट. तिसरा म्हणाला, फाउंडेशन गेलं, तिन्ही बदला. इंजेक्टर मला पटत नाही: धूर नाही, ॲव्हरेज तेवढंच, पहिल्या सेल्फला चालू होते, चेक इंजिनचा दिवा नाही. क्लच म्हणावा तर गाडी न्यूट्रलला उभी असतानाही थरथरतेच.

खर्च करायच्या आधी घरी खात्री कशी करू? आणि तिन्ही बदलावेच लागतात का?

उत्तर
भाऊ, लक्षणं फाउंडेशनचीच आहेत. इंजेक्टर मिस मारत असता तर थरथर अनियमित आली असती, तुमची एकसारखी आहे. बॉनेट उघडा, हँडब्रेक पूर्ण ओढा. वहिनींना ड्रायव्हर सीटवर बसवून ब्रेक घट्ट दाबायला सांगा. गाडी चालू, पहिला गिअर, क्लच फक्त इंजिनावर लोड येईपर्यंत सोडायचा आणि लगेच दाबायचा. मग तेच रिव्हर्सला. तुम्ही बाजूला उभं राहून बघा. गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात उभं राहू नका, पाय सटकला तर गाडी अंगावर येईल. इंजिन किंचित डुलणारच, पण उडी मारली की समजा. जास्त वेळ करू नका, क्लच जळतो.

मग गाडी बंद करून टॉर्च मारा. फाउंडेशन हायड्रॉलिक असेल तर फुटल्यावर आतलं द्रव गळतं आणि खाली काळा ओघळ दिसतो. साध्या रबराला चिरा पडतात किंवा ते लोखंडापासून सुटतं. पायाखालचा आवाज बहुतेक खालच्या टॉर्क रॉडचा (इंजिनाला मागे-पुढे डुलू न देणारा दांडा, तिन्हीतलं तेही एक फाउंडेशनच). तो वरून दिसत नाही, गॅरेजच्या रॅम्पवर टॉमी (लोखंडी पहार) लावूनच कळतो.

उगाच नागपूरच्या उन्हाला दोष देऊ नका, बॉनेटखाली बारा महिने त्याहून जास्त तापतं. रबराचं वय झालं, बस. जे खराब तेच बदला, पण स्वस्तातलं कडक रबर घेऊ नका, नव्या फाउंडेशनवरही थरथर तशीच राहील. फार दिवस टाळूही नका, इंजिन जास्त हललं की ताण सायलेन्सरच्या फ्लेक्सिबल पाइपवर आणि होजवर येतो.

धागाकर्ता
रविवारी करून पाहिलं. पहिल्या गिअरला फार काही नाही. रिव्हर्सला इंजिननं चांगली चार बोटं उडी घेतली, बायकोनं घाबरून गाडीच बंद पाडली. उजव्या फाउंडेशनखाली काळा ओघळ आहे, बोट लावलं तर चिकट. काल रॅम्पवर टॉर्क रॉड पाहिला: रबर मधून फाटलेलं, फटीत करंगळी जाते. तिसरं फाउंडेशन ठीक आहे, ते राहू देतोय. ‘तिन्ही बदला’वाला जरा हिरमुसला.

सामान उद्या येतंय. एकच विचारायचं राहिलं, खालचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच कसायचे की इंजिनाचं वजन पडल्यावर?

उत्तर
आधी हातानं लावून घ्या. इंजिनाखालचा जॅक उतरवा, वजन नीट बसू द्या, मग कसा. आणि तो जॅक लावताना ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवायला सांगा, नाहीतर चेंबर चेपेल.