मदत हवी आहे: रिपब्लिकन प्रायमरीत पहिल्यांदा मत द्यायचंय, पक्षनोंदणी आत्ताच करू का?

जर्सीतला_सातारकर

नमस्कार मंडळी,

नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार यादीत नाव लागलं. नोव्हेंबरची निवडणूक कळते, घोडं अडलंय ते त्याच्या आधीच्या भानगडीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत. बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प २०२८ ला पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला नवा उमेदवार लागणार. कर आणि धंद्यावरचे नियम याबाबत माझं त्या पक्षाशी जमतं, व्हिसा-इमिग्रेशनबाबत अजिबात नाही. त्यामुळे तिथे उमेदवार कोण होतो यात मला नोव्हेंबरपेक्षा जास्त रस आहे.

आपल्याकडे सोपं असतं. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात आणि शेवटच्या दिवशी ज्याच्या हातात एबी फॉर्म पडला तो उमेदवार. इथे तो फॉर्म कोण देतं?

न्यू जर्सीत मी सध्या 'अनॲफिलिएटेड' आहे, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नाही. रिपब्लिकन म्हणून आत्ताच नोंद करावी की थांबावं? आमची प्रायमरी जूनमध्ये, तोवर काही शिल्लक राहतं का? त्यात कंपनी ऑस्टिनला जा म्हणतेय, म्हणजे २०२८ ला मी टेक्सासमध्येही असू शकेन. शिवाय पक्षनोंदणी कोणालाही बघता येते असं ऐकलं. आमच्या मंडळात निम्मे लोक कट्टर डेमोक्रॅट आहेत, गणपतीत प्रसादाबरोबर टोमणे खायची इच्छा नाही.

आणि इच्छुकांमधून एक निवडताना तुम्ही काय बघता तेही सांगा. ट्रम्प चांगले की वाईट यावर इथे ढीगभर धागे आहेत, तो वाद तिकडेच राहू द्या ही विनंती.

खवट_खारा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विनंती किती प्रतिसाद टिकते बघू.

मका_आणि_मिसळ

सातारकर, एबी फॉर्म इथे कोणाच्याच खिशात नसतो. पक्षाची राष्ट्रीय समिती १६८ जणांची आहे, पण ती वेळापत्रक, वादसभा आणि अधिवेशनाचे नियम बघते. उमेदवार ठरतो अधिवेशनात, राज्याराज्यांतून आलेल्या डेलिगेटांच्या (प्रतिनिधींच्या) मतांनी. २०२४ ला एकूण २,४२९ डेलिगेट होते, १,२१५ मिळाले की काम फत्ते. प्रायमरी आणि कॉकस म्हणजे हे डेलिगेट कोणाकडे जाणार ते ठरवायची राज्यांची पद्धत, आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी.

मी आयोवात राहतो, तर इथलं सांगतो. रिपब्लिकन कॉकस हिवाळ्यातल्या रात्री, सात वाजता. शाळेची जिम किंवा चर्चचा हॉल. दारात यादीत नाव बघतात, रिपब्लिकन म्हणून नोंद नसेल तर तिथल्या तिथे फॉर्म भरून घेतात. आत प्रत्येक इच्छुकाच्या वतीने कोणीतरी उठून बोलतं, आणि तो वक्ता बहुतेक वेळा तुमचा दातांचा डॉक्टर किंवा मुलाचा फुटबॉल कोच असतो. मग कागदाच्या चिठ्ठ्या वाटतात, नाव लिहायचं, घडी घालून द्यायची, मोजणी तिथेच. कोपऱ्यात गट करून उभं राहायचं ते डेमोक्रॅट लोकांचं होतं, इथे गुप्त मतदान असतं. १५ जानेवारी २०२४ ला थंडी अशी होती की बाहेर हातमोजा काढायची सोय नव्हती. राज्यात नोंदलेले रिपब्लिकन सात लाखांहून जास्त, आले सुमारे १ लाख १० हजार. त्यांनी ट्रम्प यांना ५१ टक्के दिले. इच्छुकांपैकी रामस्वामी त्याच रात्री बाहेर पडले, डीसँटिस त्याच आठवड्याच्या शेवटी. सहा दिवसांत मैदान जवळपास रिकामं! इथलं एक मत किती जड असतं ते यावरून बघा.

अर्थात आयोवा जिंकलं म्हणजे तिकीट मिळालं असं नाही. २०१२ ला रात्री रॉम्नी ८ मतांनी पुढे म्हणून जाहीर झालं, मग पक्की मोजणी आली तर सँटोरम ३४ मतांनी पुढे. आणि अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ डेलिगेटांनी मत दिलं तिसऱ्यालाच, रॉन पॉल यांना! त्यांची माणसं कॉकस संपल्यावरही खुर्च्या न सोडता बसून राहिली, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सभांना गेली आणि डेलिगेट होऊन आली. त्यानंतर पक्षाने नियम बदलून डेलिगेटांना निकालाशी बांधलं.

कऱ्हाडचे_आबा

म्हणजे आपल्या साखर कारखान्याच्या निवडणुकीसारखंच की. मतदान एकीकडे, आणि ठराव कोणाच्या नावाने झाला ते दुसरीकडे. चालू द्या, वाचतोय.

पुणेरी_शिकागो

मका, तुमच्यावर कडी करतो. इलिनॉयच्या मतपत्रिकेवर रिपब्लिकन डेलिगेटांची नावंच छापतात, शेजारी तो कोणाचा ते कंसात. तुम्हाला ट्रम्प हवे असतील तर वर ट्रम्प यांच्यापुढे खूण करून भागत नाही, खाली आपल्या मतदारसंघातल्या त्यांच्या तीनही डेलिगेटांपुढे खूण करावी लागते. २०१६ ला ट्रम्प इथे जिंकले, पण त्यांच्या ज्या डेलिगेटांची नावं भारतीय किंवा मुस्लिम वाटत होती त्यांना त्याच पॅनेलमधल्या बाकीच्यांपेक्षा कमी मतं पडली, आणि त्यात ट्रम्प यांच्या काही जागा गेल्या. म्हणजे त्यांच्याच मतदारांनी त्यांच्याच माणसांची नावं गाळली. यावर मी काही बोलत नाही, धागाकर्त्याची विनंती आहे.

पेन्सिल्व्हेनियात तर त्याच वर्षी ७१ पैकी ५४ डेलिगेट कोणाशीच बांधलेले नव्हते, आणि कोण कोणाकडे झुकलाय हे मतपत्रिकेवर लिहिलेलंही नव्हतं. लोक घरून नावं लिहिलेली चिठ्ठी घेऊन जात.

गणिताच्या_बाई

सातारकर, तुमच्या जूनच्या प्रश्नावर मीठ चोळते.

रिपब्लिकन नियमांत १५ मार्च ही मोठी तारीख आहे. त्याआधी मतदान घेणाऱ्या राज्यांनी डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटायचे (सुरुवातीच्या चार राज्यांना सूट), त्यानंतर पहिल्या नंबरला सगळे दिले तरी चालतात. आता २०१६ बघा. सतरा इच्छुक. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं, आणि डेलिगेट ५० पैकी ५०. फ्लोरिडात ४५.७ टक्के, आणि तिथले सगळेच्या सगळे ९९. उरलेल्यांची मतं एकमेकांत वाटली जात होती आणि आधी कोणी उठायचं यावर एकमत होत नव्हतं. शेवटी उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी क्रूझ ३ मेला थांबले, केसिक ४ मेला. न्यू जर्सीचं मतदान ७ जूनला! २०२४ ला तर ट्रम्प यांनी १२ मार्चलाच १,२१५ ओलांडले. जूनमध्ये तुमचे लोक केंद्रावर गेले ते अध्यक्षपदापुरते हजेरी लावायलाच.

पण जाऊ नका असं म्हणत नाही. त्याच मतपत्रिकेवर अमेरिकी संसद (काँग्रेस), काउंटी म्हणजे जिल्हा, गावचं कौन्सिल असतं, आणि तिथे काही शे मतांनी निकाल फिरतो. खरं म्हणजे तुमचा एबी फॉर्म न्यू जर्सीतच होता. त्याला 'काउंटी लाइन' म्हणत. काउंटीतले पक्षाचे पुढारी ज्यांना पसंत करत त्यांची नावं मतपत्रिकेवर एका ओळीत झोकात, बाकीचे कुठेतरी कडेला फेकलेले. २०२४ ला न्यायालयाने डेमोक्रॅटांच्या प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली, मग २०२५ ला कायदा करून दोन्ही पक्षांची मोडीत काढली. तुम्ही मतदार झालात ते बऱ्या वेळेला.

जर्सीतला_सातारकर

बाई, जूनचं समजलं, मन खट्टू झालं. मका, तुमच्याकडे एखादी खोली भाड्याने मिळेल का? :)

नोंदणीचं कोणी सांगेल का?

चहाबाज_एडिसन

मी सांगतो, मीही जर्सीतच. तुम्ही अनॲफिलिएटेड आहात तर आत्ता काहीच करायची गरज नाही. प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जायचं, रिपब्लिकन मतपत्रिका मागायची, तिथेच तुमची त्या पक्षात नोंद होते. अडकतात ते आधीच डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले. त्यांना पक्ष बदलायचा तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. एप्रिलमध्ये कोणाला आठवत नाही, जूनमध्ये सगळे हळहळतात.

तुमचा पक्ष कोणता आणि कुठल्या प्रायमरीला गेलात हे यादीत दिसतं, मत कोणाला दिलं ते कोणालाच दिसत नाही. मंडळातले लोक यादी काढून बघत बसत नाहीत हो. यादी काढतात प्रचारवाले, आणि मग मेसेज, फोन, पोस्टपेटीत चकचकीत पत्रकं यांचा मारा सुरू होतो.

एक कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी: तिथे रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षीय प्रायमरी फक्त नोंदलेल्या रिपब्लिकनांसाठी असते. आणि फॉर्मवर 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' असा एक पर्याय दिसेल. 'आपण स्वतंत्र' म्हणून पुष्कळ लोक त्यावर टिक करतात. तो वेगळाच एक उजवा पक्ष आहे. कुठलाच पक्ष नको असेल तर 'नो पार्टी प्रेफरन्स' हा पर्याय घ्यायचा.

नाशिककर_ऑस्टिन

या ऑस्टिनला, खोली मी बघतो.

टेक्सासमध्ये पक्षनोंदणी हा प्रकारच नाही. मार्चच्या पहिल्या मंगळवारी केंद्रावर जाऊन कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. फक्त एकीकडे मत दिलंत की त्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या फेरमतदानाला जाता येत नाही. वेळेच्या दृष्टीने तुमची चांदी आहे, आम्ही सुपर ट्यूजडेला (बरीच राज्यं एकाच दिवशी मतदान करतात तो मंगळवार) असतो, म्हणजे स्पर्धा जिवंत असताना. २०१६ ला इथले १५५ डेलिगेट वाटले गेले तेव्हा घरचे, म्हणजे टेक्सासचेच सिनेटर क्रूझ १०४ घेऊन गेले, ट्रम्प ४८. ते १०४ नसते तर क्रूझ मेपर्यंत टिकलेच नसते.

आलात की पहिलं काम, पत्ता बदलून नव्याने मतदार नोंदणी. मतदानाच्या ३० दिवस आधी ती झालेली हवी. लायसन्सचं काम ऑनलाइन करताना होते तेवढी सोडली तर इथे ऑनलाइन नोंदणी नाही. फॉर्म छापायचा, सही करायची, पोस्टात टाकायचा. रॉकेट उडवणारं राज्य!

मका_आणि_मिसळ

सातारकर, शेवटचा प्रश्न राहिला: निवडताना काय बघायचं.

माझ्यापुरतं सांगतो. दोन वर्षं आधीच्या सर्व्हेंकडे मी बघतच नाही. २००७ मध्ये देशभर जुलियानी पुढे होते, त्यांनी सुरुवातीची राज्यं सोडून फ्लोरिडावर भिस्त ठेवली आणि फ्लोरिडातच संपले. पैशाकडेही तसंच. जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकने (प्रचारासाठी पैसा जमवणाऱ्या स्वतंत्र गटाने) २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांत १० कोटी डॉलरच्या वर जमवले, तरी बुश यांनी २० फेब्रुवारी २०१६ ला साउथ कॅरोलायनात गाशा गुंडाळला.

आज सगळे व्हान्स म्हणतात, त्याला कारणं आहेत. उपाध्यक्ष आहेत, आणि मार्च २०२५ पासून राष्ट्रीय समितीचे अर्थप्रमुखही आहेत, म्हणजे देणगीदारांच्या ओळखी आपोआप होतात. परराष्ट्रमंत्री रुबियो यांनी तर २०२५ मध्ये सांगून टाकलं की व्हान्स उभे राहिले तर मी पाठिंबा देईन. पण उपाध्यक्षपद म्हणजे जिना नव्हे. थोरल्या बुशना १९८८ ला उमेदवारी मिळाली, क्वेल आणि पेन्स या माजी उपाध्यक्षांना आयोवापर्यंतही पोचता आलं नाही.

म्हणून मी हे बघतो: हा माणूस दुसऱ्या नंबरच्यांची मतं खेचू शकतो का? सतरापैकी सोळा गळाल्यावर त्यांचे मतदार याच्याकडे येतील का घरी बसतील? ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हेली यांना २०२४ ला न्यू हॅम्पशायरमध्ये ४३ टक्के मिळाले, कारण तिथे कुठल्याच पक्षात नसलेल्यांना मतदान करता येतं. पक्षातल्या पक्षात त्या तशा बहुतेक ठिकाणी चालल्या नाहीत. नेवाडात तर सरकारी प्रायमरीत मुख्य नाव त्यांचंच होतं (ट्रम्प पक्षाच्या कॉकसमध्ये होते, डेलिगेट तिकडेच होते), तरी लोकांनी 'यापैकी कोणीही नाही' याला त्यांच्यापेक्षा जास्त मतं दिली. नोटाने हरवणं म्हणतात ते हे.

तुम्हाला इमिग्रेशनवर मवाळ माणूस हवा असेल तर तो नोव्हेंबरमध्ये चालेल का हा प्रश्न नंतरचा. आयोवाच्या त्या जिममध्ये चालेल का, हे आधी बघा. मला तरी सध्या अवघड दिसतं.

कऱ्हाडचे_आबा

आणि तिकीट कापलं तर बंडखोरी करून अपक्ष?

गणिताच्या_बाई

आबा, बऱ्याच राज्यांत कायदा आहे, प्रायमरीत हरलेल्याचं नाव त्याच निवडणुकीत अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षाकडून मतपत्रिकेवर येत नाही. २०२३ ला वादसभेत उभं राहायचं तर 'जो उमेदवार होईल त्याला पाठिंबा देईन' असं लिहून द्यावं लागायचं. ट्रम्प यांनी लिहून दिलं नाही आणि ते वादसभेला गेलेही नाहीत. तरी तिकीट त्यांनाच.

चिंगी_प्लेनो

मध्येच विचारते. मी ग्रीन कार्डवर, नवरा एच-वन-बीवर. प्रायमरी ही पक्षाची आपापसातली गोष्ट ना, मग आम्हाला मत देता येतं का? आणि एखाद्याच्या प्रचाराला पैसे दिले तर?

चहाबाज_एडिसन

चिंगी, मत अजिबात नाही, दोघांनाही नाही. प्रायमरी असो की कॉकस, नागरिकच लागतो. देणगी तू ग्रीन कार्डवर देऊ शकतेस, एच-वनवाल्याला तीही चालत नाही, आणि त्याच्या पैशातून तुझ्या नावाने देणं तर नकोच.

लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे नीट वाचून 'नाही' म्हणायचं. काउंटरवरचा माणूस घाईत असतो, आपण असू नये. नागरिक नसताना 'मी नागरिक आहे' यावर सही गेली तर पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत ते निघतं आणि प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. चुकून नाव लागलंच असेल तर मत न देता आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठायचं.

जर्सीतला_सातारकर

सर्वांचे आभार. जर्सीत आहे तोवर अनॲफिलिएटेडच राहतो, बदली पक्की झाली की नाशिककरांना व्यनि करतो. बाई, जूनमध्ये इथेच असलो तर गावच्या कौन्सिलसाठी जातो.

नाशिककर, ऑस्टिनच्या मंडळात डेमोक्रॅट किती आहेत?

नाशिककर_ऑस्टिन

ऑस्टिन आहे हो. निम्म्याहून बरेच जास्त.