मुरमांवर घरी काय केलं आणि काय लागू पडलं? (अनुभव धागा)

मुरमांवरचे उपाय विचारावे लागत नाहीत, लोक आपणहून सांगतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकू सांगतात, पार्लरमधल्या ताई सांगतात, मोबाइल उघडला की तिथेही तेच. पण पुढची हकीकत कुणी सांगत नाही. मुरूम नेमके कसले होते, लेप किती दिवस लावला, आग झाली का, डाग राहिले का, हे कळल्याशिवाय त्या सल्ल्याचा उपयोग काय?

माझी लेक सोळा वर्षांची आहे. कपाळ आणि गाल भरून गेलेत. शाळेच्या फोटोत ती हल्ली मागच्या रांगेत उभी राहते. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हा धागा काढते आहे. लिहिताना एवढं जरूर लिहा: वय, मुरूम चेहऱ्यावर कुठे, बारीक पुटकुळ्या की पू धरणारे की आतून दुखणाऱ्या गाठी, आणि उपाय किती काळ केला.

सुरुवात मी करते. माझ्या कॉलेजच्या वयात आई सहाणेवर चंदन आणि जायफळ उगाळून द्यायची. लाल, ठणकणाऱ्या मुरमावर लावलं की गार वाटायचं, लाली उतरायची. नाकावरचे काळे ठिपके मात्र तसेच. ते मळाचे असतात असं समजून मी रुमालाने घासायचे. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की रंध्रात साठलेला तेलकटपणा आणि मृत पेशी यांना हवा लागली की तो काळा रंग येतो, त्यामुळे घासून तो जात नाही. चंदनाने मला आराम दिला एवढं खरं. पण नवे मुरूम येणं त्याने थांबलं, असं मी म्हणणार नाही.

पाटण तालुक्यातून

आमच्या डोंगरात काटेसावर पुष्कळ. मुलीला मुरमं आली की आजी कोवळ्या झाडाच्या बुंध्यावरचे काटे आणायला लावायची. कोवळंच झाड बघायचं, जुन्या झाडाच्या बुंध्याचे काटे झडून गेलेले असतात. काटा बोटाने बाजूला दाबला की टचकन निघतो. तो कच्च्या दुधात सहाणेवर उगाळायचा, तांबूस गंध निघतं. ते मुरमांवर रात्री लावून झोपायचं. मला आणि बहिणीला दोघींना गुण आला. आमची मुरमं बारीक होती, गालावर. चुलतभावाला मानेवर मोठ्या गाठी यायच्या, त्याला कशाचाच फरक पडला नाही.

वैद्य, सांगली

वरच्या ताईंनी लिहिलेला उपाय फार जुना आहे. आयुर्वेदात याला मुखदूषिका म्हणतात आणि त्या पुळ्यांचं वर्णनच काटेसावरीच्या काट्यांसारख्या असं केलेलं आहे. फक्त एक बदल सुचवतो. लेप रात्री लावू नये आणि वाळल्यावर चेहऱ्यावर ठेवू नये, असा नियम आहे. दिवसा लावा, वाळत आला की कोमट पाण्याने भिजवून उतरवा. कडकडीत वाळलेला लेप ओढून काढला की त्वचा सोलवटते आणि आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर सोलवटलेल्या जागी डाग पडतो.

लोध्र, धने आणि वेखंड यांचं समभाग चूर्ण पाण्यात कालवून लावतात, तेही चांगलं. वेखंड तीव्र असतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. हळदीचंही तेच. हळद घरातली आहे म्हणून सगळ्यांना सोसतेच असं नाही, मी हळदीने आलेलं पुरळ पाहिलेलं आहे.

पुणे, वय २४

माझे मुरूम जबड्याच्या कडेने आणि हनुवटीखाली यायचे, गालावर एकही नाही. इथे आम्ही मुली दुचाकीवर निघताना डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीने गुंडाळतो, वर हेल्मेट. उन्हाळ्यात आतून सगळं भिजलेलं असतं. बहिणीच्या लक्षात आलं की हेल्मेटचा पट्टा जिथे घासतो तिथेच मुरूम आहेत. मग सुती ओढण्या घेतल्या, रोज धुतलेली वापरायची. हेल्मेटचं आतलं अस्तर निघतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते दर रविवारी साबणाच्या पाण्यात टाकते. जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइडचं २.५ टक्क्यांचं जेल, संध्याकाळी चेहरा धुऊन, कोरडा करून, पातळसं. दोनेक महिन्यांनी नवे यायचे थांबले.

एक सूचना: ते जेल कापडाचा रंग उडवतं. आमच्या निळ्या अभ्र्यावर नारिंगी डाग पडले आणि टॉवेलची एक बाजू पांढरी झाली. पांढरा टॉवेल, पांढरी उशी ठेवा.

औषधाचं दुकान, सातारा जिल्हा

या जेलबद्दल दुकानात रोज प्रश्न येतात म्हणून लिहितो. २.५, ५ आणि १० टक्के असं मिळतं आणि गिऱ्हाईक हमखास दहाचं मागतं. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं यात होत नाही, २.५ टक्क्यांनी जवळपास तेवढाच फरक पडतो आणि आग, कोरडेपणा कितीतरी कमी. मुरमातल्या जंतूंना हे औषध मारतं आणि त्या जंतूंना त्याची सवय होत नाही, हा मोठा फायदा. नुसती अँटिबायोटिकची ट्यूब महिनोन्‌महिने लावली तर ती सवय होते.

काळे-पांढरे ठिपके जास्त असतील तर सॅलिसिलिक ॲसिड बरं, २ टक्क्यांपर्यंतचं. ते तेलात विरघळतं, म्हणून रंध्राच्या आत पोचतं. दोन्ही एकाच रात्री सुरू करू नका. एक काहीतरी धरा, चेहरा सरावला की दुसऱ्याचं बघा. आणि आठ ते बारा आठवडे द्या. पंधरा दिवसांत ट्यूब बदलायला येणारे लोक बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण औषध चांगलं असतं, फक्त वेळ मिळालेला नसतो.

टी ट्री तेलाबद्दलही विचारतात. ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ रुग्णांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली होती. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा गुण सावकाश आला, पण त्रास कमी झाला. लक्षात घ्या, ५ टक्के. बाटलीतलं निव्वळ तेल थेट चेहऱ्यावर लावायचं नाही.

अमरावती, वय २७

मला हे लिहायचंच होतं. बारावीला असताना मुरमांचे डाग होते म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून क्रीम आणलं. दुकानदाराने स्वतःहून दिलं, "आठ दिवसांत चेहरा गोरा होतो" म्हणाला. खरंच झाला. मुरूम बसले, डाग फिके पडले, मैत्रिणी विचारायला लागल्या. आईनेही दुसरी ट्यूब आणून ठेवली. पुढे परीक्षेच्या धावपळीत ती संपली, दोन-चार दिवस लावली नाही, आणि चेहरा पेटला. लाल, चटका बसल्यासारखी आग आणि सगळीकडे एकसारखे पू धरलेले फोड. पुन्हा लावलं की शांत, थांबवलं की पुन्हा पेट. असं वर्षभर चाललं. गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या आणि हनुवटीवर लव वाढली.

नागपूरला त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब हातात घेतली, मागचा बारीक मजकूर वाचला आणि मला दाखवला: मोमेटासोन, म्हणजे स्टिरॉइड. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. त्यांनी सांगितलं की अशा क्रीमने बिघडलेले चेहरे त्यांच्याकडे रोज येतात, देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध बोलताहेत. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मागितली तर मिळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

मला बरं व्हायला वर्षापेक्षा जास्त लागलं. सुरुवातीचे महिने नुसता सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि डॉक्टरांच्या गोळ्या. माझी कळकळीची विनंती आहे, घरात असलेली प्रत्येक ट्यूब आज उलटी करून वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही दिसलं तर ती मुरमांवर लावायची नाही. आणि कुणी महिनोन्‌महिने लावत असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जा, ते सोडवण्याचीही पद्धत असते.

डोंबिवली, वय २२

कपाळावर केसांच्या कडेने आणि पाठीवर बारीक पुटकुळ्या, सगळ्या एका आकाराच्या. आणि खाज! मुरमांना एवढी खाज येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लिंबोणी, कडुनिंब, सॅलिसिलिक, बेंझॉइल, सगळं करून झालं. आई रोज रात्री डोक्याला खोबरेल तेल लावून द्यायची, वर लोकलमधला घाम. डॉक्टरांनी डोक्यातला कोंडा बघितला आणि म्हणाले, हे मुरूम नाहीतच. त्वचेवर राहणारी एक बुरशी आहे, तेलावर पोसते, ती केसांच्या मुळाशी वाढली आहे. २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू दिला. फेस कपाळावर आणि पाठीवर पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. तेल पूर्ण बंद. महिन्याभरात कपाळ साफ. आईला पटायला वेळ लागला, आता ती न्हायच्या आधी तासभर तेल लावते आणि लगेच धुते.

कुडाळ

कोरफडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. अंगणातलं पान कापलं की आधी ते कापलेल्या बाजूने खाली करून भांड्यात उभं ठेवा. पिवळा, कडू वासाचा चीक गळून जातो. त्या चिकाने खाज सुटते. मग साल काढून आतला पारदर्शक गर धुऊन लावायचा. नुसत्या गराने मुरूम गेले असं नाही, पण औषधी जेलने चेहरा कोरडा पडून ओढल्यासारखा व्हायचा, तो त्रास कमी झाला.

नाशिक

लिंबू लावू नका. माझ्या नणंदेने लिंबाचा रस लावला आणि तशीच द्राक्षबागेत गेली. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की त्वचा भाजते. मुरूम चार होते, काळे चट्टे हातभर. टूथपेस्टचंही तेच, मूळ मुरमाभोवती लाल कडं येतं. आणि खाण्याचा सोडा नको.

नाशिक, शिक्षिका, वय ३३

माझे तिशीनंतर सुरू झाले, हनुवटीवर, खोल, पाळीच्या आधी वाढणारे. पाळीही अनियमित. असं असेल तर लेप नंतर करा, आधी तपासणी करा. मला पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा बिघाड) निघाला. औषधं चालू आहेत. घरच्या घरी जे उपयोगी पडलं ते खाण्यातलं: सकाळचा चहा-बिस्किटं, मैदा, साखर कमी केली, ज्वारी-नाचणी वाढवली. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं कमी केल्यावर मुरूम कमी होतात, असं ऑस्ट्रेलियात २००७ साली तरुण मुलांवर बारा आठवड्यांच्या प्रयोगात दिसलं होतं. तेलकट, तळकट यावर आपण उगाच सगळा दोष टाकतो.

कोल्हापूर, वय २०

तालमीतून जिममध्ये गेलो, व्हे प्रोटीन सुरू केलं, पाठ आणि खांदे मुरमांनी भरले. पावडर बंद करून अंडी आणि डाळीवर आलो, हळूहळू कमी झाले. ज्यांना पाठीवर अचानक आलेत त्यांनी हे तपासा.

न्यू जर्सी

इकडे ॲडापलीन ०.१ टक्के जेल २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. माझ्या मुलासाठी आणलं. वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून एवढंच, रात्री. एकेका मुरमावर ठिपका द्यायचा नाही, कारण ते नवे येऊ न देण्यासाठी असतं. पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसला, साल निघाली. आम्ही एक दिवसाआड केलं, आधी मॉइश्चरायझर लावून मग जेल. तिसऱ्या महिन्यात फरक ठळक झाला. दिवसा सनस्क्रीन लागतंच. भारतातल्या नातेवाइकांना मी ते पाठवत नाही, तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्या म्हणते.

लातूर, एका मुलाचा बाप

मुलाच्या गालावर बोराएवढ्या गाठी यायच्या, दुखायच्या, पू आणि रक्त यायचं. घरचे म्हणायचे, वयात आलाय, जातील. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ, रक्तशुद्धीचा काढा. दरम्यान गालावर खड्डे पडत गेले. शेवटी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गाठी गेल्या. खड्डे आहेत. गाठी दिसल्या की घरी वाट बघू नका, माझी एवढीच विनवणी आहे.

ठाणे

पाचवा महिना चालू आहे आणि पहिल्यांदाच एवढे मुरूम आलेत. वरचं ॲडापलीन मी लावलं तर चालेल का?

औषधाचं दुकान, सातारा जिल्हा

नाही ताई, गरोदरपणात ॲडापलीन नको, आणि वर आलेल्या आयसोट्रेटिनॉइनचा तर विचारही नको, बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. अझेलाइक ॲसिड सहसा चालतं, त्याने डागही फिके होतात. तरी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवूनच सुरू करा. तोवर दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश आणि मुरूम न फोडणं, एवढं पुरे.