घरचे फोटो घरच्याच सर्व्हरवर असावेत

देवचाफा
१ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं मिळून १५ जीबी. ती भरली की मेल येणंसुद्धा थांबतं. मग पैसे भरायला लागायचं आणि भरतच राहायचं, कारण बारशाचे, लग्नाचे, गेलेल्या माणसांचे फोटो कोणाच्याने डिलीट होणार?

ज्याला डॉकर (प्रोग्राम स्वतंत्र डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) थोडंफार चालवता येतं त्याने हे फोटो घरच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू ठेवलेल्या आपल्याच संगणकावर, आणावेत, असं माझं ठाम मत आहे. मी इमिच वापरतो: गूगल फोटोजसारखंच, पण आपल्याच सर्व्हरवर चालणारं ॲप. ॲलेक्स ट्रॅन यांनी २०२२ मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प. २०२४ मध्ये तो एजीपीएल या, कोड खुला ठेवायला लावणाऱ्या, परवान्याखाली आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची २.० ही स्थिर आवृत्ती निघाली. तोवर 'अजून कच्चं आहे' हा आक्षेप रास्त होता, आता नाही.

मांडणी सोपी आहे. चार कंटेनर: मुख्य सर्व्हर, चेहरे आणि चित्रं ओळखणारा मशीन लर्निंगचा भाग, फोटोंच्या नोंदी ठेवणारा पोस्टग्रेस डेटाबेस आणि कामांची रांग सांभाळणारा रेडिस किंवा व्हॅल्की. एक कंपोज फाइल (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते), एक एन्व्ह फाइल (आपल्या सेटिंग). एन्व्ह फाइलमध्ये फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आणि डेटाबेस कुठल्या फोल्डरमध्ये ते लिहायचं, 'कंपोज अप' ही आज्ञा द्यायची आणि ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यावरचा २२८३ हा पोर्ट (आत शिरायचं दार) उघडायचा. लोकांना वाटतं कंटेनर उडाला की फोटो गेले. फोटो कंटेनरमध्ये नसतातच. ते डिस्कवरच्या साध्या फोल्डरमध्ये असतात आणि तो फोल्डर कंटेनरला जोडलेला असतो. कंटेनर पुसून नवा आणला तरी फोटो जागच्या जागी.

इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा छोटा मिनी पीसी १० ते १५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला साधारण ७ ते ११ युनिट. चेहरे ओळखण्याचं काम त्याच पेटीत होतं, फोटो बाहेर जात नाहीत.

वाशिष्ठीकाठ
अजिबात पटलं नाही. मी चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा आमच्या आळीतल्या तळमजल्यांवर काहीच राहिलं नाही. पाणी ओसरल्यावर आत्याने लग्नाचा अल्बम उघडला, तर पानं एकमेकांना चिकटलेली. वेगळी करायला गेलं की फोटोतला रंग पलीकडच्या पानाला लागून यायचा. त्या घरात जे फोटो वाचले ते ऑनलाइन होते तेवढेच. तुमची पेटी, तुमचा राउटर, तुमची बॅकअपची डिस्क सगळं एकाच छपराखाली असणार. त्याला मी सुरक्षित कसं म्हणू?

देवचाफा
तुमचा अनुभव शंभर टक्के मान्य. पण तो एकाच प्रतीच्या विरोधात आहे, घरच्या सर्व्हरच्या विरोधात नाही. इमिचवाले स्वतःच ३-२-१ चा आग्रह धरतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. माझी एक प्रत रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने कूटबद्ध होऊन रोज रात्री नाशिकला बहिणीकडे जाते. एक गोष्ट मात्र नवख्यांनी नीट समजून घ्या. इमिच रोज रात्री २ वाजता आपणहून बॅकअप घेतं तो फक्त डेटाबेसचा असतो. फोटोंची प्रत आपली आपणच काढायची.

रात्रपाळी
माझं पोटच सर्व्हर सांभाळण्यावर चालतं, म्हणून विरोधात लिहितो. तंत्र चांगलं आहे, प्रश्न माणसाचा आहे. २०२५ मध्येच इमिचने डेटाबेसचं व्हेक्टर एक्स्टेन्शन (शोधासाठी लागणारी जोडणी) बदललं आणि कंपोज फाइलमधली डेटाबेसच्या इमेजची, म्हणजे कंटेनरच्या साच्याची, ओळ हाताने बदलावी लागली. प्रत्येक आवृत्तीची टिपणं वाचणारा माणूस घरात एकच असतो. उद्या तुम्ही दवाखान्यात असाल आणि पेटी बंद पडली, तर बायकोने काय करायचं? गूगलकडे निदान निष्क्रिय खात्याची सोय आहे. आपण बराच काळ खात्यात आलो नाही तर आपला डेटा कोणाला द्यायचा ते आधीच नोंदवून ठेवता येतं. तुमच्या पेटीचा पासवर्ड आज घरात दुसऱ्या कोणाला माहीत आहे का?

निशिगंध
रात्रपाळी, कंपनीकडे खातं असलं म्हणजे ते आपलं असतंच असं नाही. २०२२ मध्ये गाजलेलं सॅन फ्रान्सिस्कोचं प्रकरण आठवा. आजारी लहान मुलाचा फोटो वडिलांनी डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला, तो आपोआप क्लाउडवर चढला, गूगलच्या यंत्रणेने तो बाललैंगिक शोषणाचा ठरवला आणि खातं बंद झालं. पोलिसांनी तपास करून गुन्हा घडलेला नाही असं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. मेल, संपर्क, मुलाच्या जन्मापासूनचे फोटो, सगळं गेलं. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. तिच्या अंघोळीचे फोटो कुठल्या यंत्राने तपासावेत आणि कुठल्या नाही, हे मी ठरवणार. या एका कारणासाठी मी डॉकर शिकले.

रात्रपाळी
प्रकरण माहीत आहे आणि ते भयंकरच आहे. पण त्यातून 'दुसरी प्रत ठेवा' एवढंच निघतं. दर सहा महिन्यांनी गूगलचं टेकआउट (आपल्या डेटाची प्रत) उतरवून डिस्कवर ठेवा, झालं.

निशिगंध
टेकआउट तुम्ही उघडून पाहिलंय का? झिपची चळत येते, आणि तारखा नि ठिकाणं बऱ्याचदा फोटोशेजारच्या जेसन फाइलमध्ये असतात. नुसते फोटो कॉपी केले तर व्हॉट्सॲपवरून आलेले आणि स्कॅन केलेले सगळे आजच्या तारखेला जाऊन बसतात. इमिच-गो हे साधन त्या झिप थेट वाचतं आणि तारखा जुळवून फोटो चढवतं. नुसती डिस्क हे करून देणार नाही.

कराड_ते_श्टुटगार्ट
बाहेरून वापरण्याबद्दल कोणीच बोललं नाही. भारतात बऱ्याच जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. आणि झाला तरी सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांना बगल देतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आमच्याकडे टेलस्केल हे व्हीपीएन (आपल्याच उपकरणांमधलं खाजगी जाळं) आहे. क्लाउडफ्लेअरचा टनेल (त्या कंपनीमार्फत आपल्या सर्व्हरपर्यंतची वाट) फुकटात मिळतो, पण एका विनंतीत १०० एमबीची मर्यादा असल्याने मोठे व्हिडिओ चढत नाहीत. खरी अडचण आईच्या फोनवर येते. तिच्याकडून व्हीपीएन बंद होतं, फोटो चढायचे थांबतात आणि तिला कळतही नाही. मी बाजूने आहे, पण आईवडिलांसाठी हे सुटसुटीत झालंय असं म्हणवत नाही.

देवचाफा
आईंचा फोन घरच्या वायफायवर आला की घरच्याच पत्त्याने जोडला जावा, अशी सोय ॲपमध्ये आहे. वायफायचं नाव आणि स्थानिक पत्ता एकदा भरून ठेवा. मग घरात व्हीपीएनची गरज पडत नाही.

ज्येष्ठांसाठी आणखी एक. मुळात येणारं शोधाचं मॉडेल इंग्रजीवर बेतलेलं आहे. सेटिंगमध्ये एनएलएलबी-क्लिपसारखं बहुभाषिक मॉडेल घालून सगळ्या फोटोंवर स्मार्ट सर्चचं काम पुन्हा चालवलं की मराठीतून शोधता येतं. मेमरी जास्त लागते, पण माझे बाबा 'पावसातली गाय' असं लिहून फोटो शोधून काढतात, त्यासाठी ती खर्चायला मी तयार आहे.

रात्रपाळींच्या वारसाच्या मुद्द्याला माझं उत्तर असं: स्टोरेज टेम्प्लेट चालू करा. नाहीतर फाइलींना लांबलचक निरर्थक नावं मिळतात. टेम्प्लेट असलं की वर्ष, महिना, फोटो असे फोल्डर पडतात. उद्या इमिच नसलं तरी डिस्क जोडून कोणीही बघू शकेल.

रात्रपाळी
कोणीही नाही. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीची असेल तर विंडोजवर सहज उघडणार नाही. घरच्यांसाठी एक प्रत एक्सफॅट या विंडोजला चालणाऱ्या पद्धतीच्या डिस्कवर काढा आणि वर लेबल चिकटवा. शिवाय अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं डेटाबेसमध्येच राहतात. फोल्डर उघडल्यावर नातवाला पन्नास म्हाताऱ्या दिसतील आणि त्यांतली पणजी कोण ते कळणार नाही. माझं मत बदललेलं नाही.

निशिगंध
त्यासाठी नाव वर्णनाच्या रकान्यात लिहायचं. वर्णन शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये उतरतं आणि फोटोबरोबर कॉपी होतं. आईला शेजारी बसवून जुने स्कॅन मी असेच भरते आहे: कोण, कुठे, कोणाच्या लग्नात.