विषय: शुक्रवार ०१.३० – गाडी कुठल्या रात्री?

नमस्कार मंडळी,
आईबाबांच्या न्यूयॉर्कच्या विमान तिकिटावर शुक्रवार ०१.३० आहे आणि बाबांनी गाडी सांगितलीय शुक्रवारी रात्री साडेनऊला! फोनवर तीनदा सांगून झालं, पटत नाही. सध्या ठाण्यात कोण आहे? नौपाड्यात जाऊन समजावाल का? आणि इथे विमानतळावरून कोणाला कधी आणायचं त्या आपल्या यादीत त्यांना आणायचं शनिवारी दिसतंय, ते शुक्रवार सकाळ करून टाकते.
– नौपाड्याची ताई

---
ताई, करू नका. यादी मीच बदलेन. ढोल आणायच्या वेळी सगळ्यांनी परस्पर बदल केले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शनिवार लावला कारण बाबांनीच मला "शुक्रवारी रात्री निघतो" सांगितलं. उतरायचा विमानतळ केनेडी की न्यूअर्क?
– खजिनदार

---
केनेडी. सकाळी ८.
– ताई

---
मी घोडबंदरलाच आहे, उद्या जातो. ताई, बाबांवर चिडू नकोस. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यांच्या लेखी रात्री दीडला गुरुवारच असतो. तिकिटाचा वार मध्यरात्री बदलतो, घोळ तिथे आहे.
दुसरं म्हणजे दीड ते आठ हे साडेसहा तास नव्हेत. अंतर साधारण १२,५०० किमी, थेट विमानाला १६ तास. इथे संध्याकाळचे साडेपाच होतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे आठ. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. औषधांच्या वेळा १६ तास धरूनच लावायला हव्यात.
– काका

---
१६ तास एका जागी? मागच्या खेपेला माझे पाय इतके सुजले की चप्पल चढेना. मध्ये आखातात थांबा घ्यायला हवा होता.
– माई

---
माई, थांबा घेतला की वीस-बावीस तास. शिवाय मध्यरात्री परक्या विमानतळावर दोघांची व्हीलचेअर शोधायची. माझ्या सासूबाई तिथे तासभर एकट्या बसून होत्या. थेटच बरं, दर दोन तासांनी उठून फिरायचं.
– दादा

---
नकाशावर पश्चिमेला सरळ रेघ मारून अंतर मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, जवळची वाट उत्तरेला पार आइसलँडइतकी वर चढते. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हापासून वळसा आला. परतीला वारा पाठीशी असतो, वेळ कमी लागतो.
आमच्या ऐरोलीहून नवी मुंबईचा विमानतळ सोयीचा, तिथून का नाही काढलं?
– ऐरोलीकर

---
तिकीट सहारचं, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाचं आहे! पण बरं आठवण केलीत. डिसेंबर २०२५ पासून दोन विमानतळ झालेत. गाडीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगू नका, "सहार, टी २" सांगा.
– दादा

---
जाऊन आलो. आईंना आधीच कळलं होतं, बाबा ऐकत नव्हते. कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "जेवून ९ ला निघणे." गाडीवाल्याला माझ्यासमोर फोन केला. खजिनदार, आता यादी बदला.
– काका

---
बदलली. शुक्रवार, केनेडी, सकाळी ८. बाहेर यायला दीड-दोन तास धरा.
– खजिनदार