सकाळच्या पंधरा मिनिटांत नीटनेटकं आणि छान दिसायचं असेल तर काय बदलावं?

निळीशाई:
घरात आठ महिन्यांचं बाळ, एक शाळेत जाणारी मुलगी, शिवाय ऑफिस. सकाळी स्वतःसाठी जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, तीही सलग नाहीत. बाळ अजून अंगावर पितं. कपाट भरलेलं आहे, पण बाळंतपणाआधीचे शर्ट छातीवर ताणतात आणि सैल कपडे घातले की गबाळं दिसतं. केस रोज वर गुंडाळून क्लिप लावली जाते. वारंवार पार्लरला जाणं जमणार नाही. नेमकं काय बदललं तर सर्वांत जास्त फरक पडेल? जाणकारांनी कृपया तपशिलात सांगावं.

सुईदोरा:
ब्रापासून सुरुवात करा. बाकीचे कपडे नीट बसणं तिच्यावर अवलंबून असतं, आणि बाळंतपणानंतर माप हमखास बदलतं. दोन दुधांच्या मधल्या वेळेत मोजा: श्वास सोडून छातीच्या खालून टेप घट्ट, मग सर्वांत भरलेल्या भागावरून सैल. खालचा पट्टा मागे वर चढत असेल तर तो मोठा होतोय. खांद्याचे पट्टे आवळून हे दुरुस्त होत नाही, कारण मुख्य आधार खालच्या पट्ट्याचा असतो. नवीन ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक सैलावलं की आतले हुक उपयोगी पडतात. दूध चालू असेपर्यंत माप हलत राहतं, म्हणून तीनच घ्या.

आता शर्ट. बटणांच्या मध्ये फट पडते, पण बाकी बसतो नीट? आतून एक टिचबटण शिवा, काम झालं. पण पाठीवर आडव्या वळ्या पडत असतील किंवा बगलेत काचत असेल, तर टिचबटणाने भागणार नाही. शिलाई उलटून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते पाहा. दोन्ही बाजू उसवून बहुधा दोन-तीन सेंटिमीटर मिळतात. माया नसेल तर तो शर्ट कपाटातून काढाच, रोज सकाळी हातात येऊन वेळ खातो.

गबाळेपणा बहुतेक वेळा खांद्यातून येतो. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसायला हवी. ती दंडावर उतरली की अख्खा कपडा उसना आणल्यासारखा दिसतो. बाजूने कपडा आत घेणं सोपं असतं, खांदा दुरुस्त करणं किचकट आणि खर्चिक. म्हणून विकत घेताना खांद्याला बसेल तेच घ्यायचं, कमरेला सैल असलं तरी चालेल. पँटची लांबी रोजच्या चपला-बुटांवर उभं राहून ठरवा. टाचेशी गोळा होणारं कापड इस्त्री करूनही चुरगळलेलंच दिसतं.

कापड निवडताना कोपरा मुठीत दहा सेकंद आवळून सोडा. ज्याच्या घड्या राहिल्या ते बाळाला कडेवर घेतल्यावर टिकणार नाही. साधं व्हिस्कोस, लिनन, पातळ सुती हे त्यातले. क्रेप, जाडसर निट (टी-शर्टसारखं विणलेलं, ताणलं जाणारं कापड), पॉलिएस्टर मिसळलेलं सुती कापड हे उत्तम.

संख्या कमी ठेवा: तीन पँट आणि सहा टॉप, प्रत्येक टॉप तिन्ही पँटवर जाणारा. अठरा जोड्या होतात. एकाच पँटवर जाणारा टॉप या गटात घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी.

धागापाणी:
सुईदोरांशी सहमत. रंगाबद्दल भर घालते. नव्या आईला काळं घाल असं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. बाळाने खांद्यावर काढलेलं दूध काळ्यावर वाळून पांढरं उमटतं, शिवाय लोकर, केस, पावडर सगळं दिसतं. फिकट राखाडी त्याहून वाईट, कारण दूध पाझरलं की ओला गोल लगेच गडद होतो. तीन-चार रंगांचं बारीक प्रिंट दोन्ही लपवतं. एकरंगी आवडत असेल तर ते पँटमध्ये घ्या.

डाग काढताना: दूध म्हणजे प्रथिनं, म्हणून गार पाणी आणि एन्झाइमवाला डिटर्जंट, अर्धा तास भिजवा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. रेशीम आणि लोकर यांना मात्र एन्झाइमवाला डिटर्जंट लावू नका. तेलाच्या डागावर कपडा कोरडा असतानाच भांडी घासायचं लिक्विड थेंबभर चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आधी पाणी लागलं तर तेल नीट सुटत नाही. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नको.

वेणीफणी:
केसांचं. बाळंतपणानंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी केस भराभर गळतात, कारण गरोदरपणात संप्रेरकांमुळे थांबून राहिलेले केस एकदम सुटतात. बहुतेकींचे वर्षभरात पूर्ववत होतात. वर्षानंतरही गळत राहिले किंवा चकत्या पडल्या, तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइड आणि लोह तपासा. आता कपाळाशी जे आखूड केस उभे राहत असतील ते नवीन आलेले आहेत. ते दाबायला केस ताणून बांधू नका, रोजच्या ताणाने तिथली मुळं कायमची दुखावू शकतात. जुन्या स्वच्छ टूथब्रशवर मटारच्या दाण्याएवढं जेल घेऊन हलक्या हाताने बसवा.

कट कॉलरबोनपर्यंत मागा. सर्वांत आखूड थर कानामागच्या क्लिपपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर बटा दिवसभर डोळ्यांवर येतात. कापणाऱ्याला स्पष्ट सांगा की ब्लो-ड्राय करणार नाही, आणि उठण्याआधी केस बांधून पाहा.

अंबाड्यासाठी चार यू-पिना पुरतात. बाजूचा भांग पाडा, केस मानेशी घेऊन पीळ द्या, गुंडाळा. पीन अंबाड्याच्या बाहेरच्या कडेतून थोडे केस पकडत बाहेरच्या दिशेने घाला, मग उलटी वळवून डोक्याला समांतर आत ढकला. सरळ खुपसलेली पीन तासाभरात सुटते. साध्या काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची. ड्राय शाम्पू रात्री, पंधरा-वीस सेंटिमीटरवरून मुळांना. सकाळी फक्त विंचरा. ओले केस मात्र अंबाड्यात कोंडू नका, वास येतो आणि तुटतातही.

निळीशाई:
फार उपयोगी, आभार सगळ्यांचे! गालांवर तपकिरी डाग राहिलेत, त्यांचं काय करू? आणि हे सगळं कोणत्या क्रमाने?

सायसाखर:
डागांना सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा-मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघा मावतील एवढं. टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं, आणि त्या प्रकाशानेही असे डाग गडद होतात. रेटिनॉइड किंवा हायड्रोक्विनोनचं मलम स्तनपान चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

मेकअप थोडाच: कन्सीलर डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात आणि नाकपुड्यांच्या कडेला, अनामिकेने थोपटून. लिपस्टिकच गालांवर बोटाने. पावडर शेवटी, नाक-कपाळापुरती. पावडरीवर क्रीम लावलं तर चट्टे पडतात. भुवयांत फक्त मोकळ्या जागा भरा. सुगंध तान्ह्या बाळाजवळ टाळाच. नखं आखूड, रंग त्वचेच्या जवळचा, दोन पातळ थर आणि टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवा, टवके उशिरा पडतात.

सुईदोरा:
क्रम असा लावा की मध्येच उठावं लागलं तरी बाहेर पडता येईल. सनस्क्रीन, पँट, केस, कन्सीलर, भुवया. बाळाला शेवटचं पाजून झाल्यावरच टॉप. रात्री एकाच हँगरवर ब्रापासून सगळं लावून ठेवा, आणि दिव्याखाली खांदा व पुढचा भाग डागांसाठी बघून घ्या, सकाळी कळलं तर उशीर होतो. पाचच मिनिटं मिळाली तर सनस्क्रीन आणि केस एवढंच करा. लिपस्टिक ओठांच्या रंगाच्या जवळची असेल तर ती वाटेत आरशाशिवायही लावता येते.