आठवणीचा दिवस हवाच
रस्ते अपघातांत गेलेल्यांचा स्मृतिदिन पाळू म्हटलं, की ‘एक दिवस पाळून, गेलेली माणसं परत येणार आहेत का?’ असं विचारलं जातं. नाही येणार. पण आम्हा दापोलीकरांना २८ जुलै २०१८ विसरता येत नाही. आंबेनळी घाटात कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली, एकच जण वाचला. ही तारीख गावाला पाठ आहे. मुंबई-गोवा हायवेवर एकेकटे गेलेल्यांची तारीख मात्र फक्त घरच्यांना ठाऊक. नोव्हेंबरचा तिसरा रविवार, रस्ते अपघातांतल्या बळींचा जागतिक स्मृतिदिन, त्यांच्यासाठीच आहे. हा दिवस १९९३ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला, २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला. त्या रविवारपर्यंत आपली भातझोडणीही बरीचशी उरकते. याच हायवेवरच्या कशेडी घाटाच्या पायथ्याशी, रस्ता सोडून, पणत्या लावू, नावं मोठ्याने वाचू. आणि जखमींना उचलायला धावलेल्या वाडीतल्या पोरांना आवर्जून बोलवा. त्यांनी काय पाहिलंय, ते त्यांना कुणी कधी विचारलेलंच नाही.