चकमकीच्या इंग्लिश रायफलीतील हातकाम: धातू आणि लाकूड इतके नेमके कसे जुळवत असत?

टूलरूमवाला यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. मी तीस वर्षे टूलरूममध्ये फिटर म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. मागील उन्हाळ्यात मुलाकडे इंग्लंडला गेलो असता लीड्स येथील रॉयल आर्मरीज संग्रहालय पाहण्याचा योग आला. तेथील चकमकीच्या जुन्या रायफली पाहताना एका गोष्टीने मला अक्षरशः खिळवून ठेवले, ती म्हणजे कळीची (बार पेटवणाऱ्या यंत्रणेची) पोलादी पट्टी जेथे अक्रोडाच्या दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागात, बसते तेथील सांधा. काचेला नाक लावून पाहिले, तरी धातू आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली नाही. मिलिंग मशीन नाही, डायल गेज नाही, आणि कळीची कड तर सरळही नसते, ती माशाच्या पाठीसारखी वळलेली असते. हे काम नेमके कसे करीत असत? दुसरे असे, की पट्टीवर एकाच कारागिराचे नाव कोरलेले असते. मग नळीपासून स्क्रूपर्यंत सर्व काही तो एकटाच घडवीत असे काय?

जुनी_कळ यांचा प्रतिसाद:

टूलरूमवाले साहेब, सांध्याबद्दल लाकडातले जाणकार सांगतीलच. मी बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि हौसेखातर जुन्या कळी दुरुस्त करतो, त्यामुळे तुम्हाला त्या पट्टीच्या मागच्या बाजूस घेऊन जातो, कारण माझ्या मते खरे फिटिंग तेथेच आहे आणि संग्रहालयाच्या काचेतून ते कधीच दिसत नाही.

कळीचे तत्त्व साधे आहे. घोड्याच्या जबड्यात कातड्यात गुंडाळून चकमक आवळलेली असते. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, चकमक समोरच्या उभ्या पोलादी पात्यावर खरवडत खाली येते, पाते मागे उलटते आणि त्याखालची रंजकाची, म्हणजे बार पेटवण्याच्या चिमूटभर दारूची, वाटी उघडी पडते. ठिणग्या पोलादाच्या असतात, चकमकीच्या नव्हेत. चकमक पोलादाचे सूक्ष्म कण तासून काढते आणि ते कण हवेत पेटतात. म्हणून पाते पुरेसे कठीण हवे; मऊ राहिले तर चकमक त्यात नुसती रुतते आणि ठिणगी पडत नाही. रंजक पेटले की ज्वाला नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, आतल्या दारूपर्यंत पोहोचते.

कौशल्य आहे ते दोन कमानींचा तोल साधण्यात. घोड्याची मोठी कमान आणि पात्याची छोटी कमान एकमेकींविरुद्ध काम करतात. पात्याची कमान ताठ झाली तर चकमक फुटते, आणि ढिली झाली तर पाते ठिणगी पडण्याआधीच उलटते. शिवाय उत्तम इंग्लिश कळीत मोठी कमान आतल्या चाकाला, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या भागाला, एका छोट्या दुव्याने जोडलेली असते, त्यामुळे घोडा पूर्ण मागे ओढताना जड लागत नाही, पण सुटल्यावर मात्र त्याचा वेग वाढत जातो. छोट्या कमानीवर एक इवलेसे चाक बसवून तेथील घर्षणसुद्धा कमी केलेले असते. कानाला सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे अस्तर देत असत. त्यामागे श्रीमंतीचा देखावा थोडाफार असेलही, पण जळलेल्या दारूची राख लोखंडी छिद्र खाऊन मोठे करते, हे खरे कारण.

इंग्रजी V च्या आकाराची कमान घडवून, कानशीने लांबीच्या दिशेने घासून, तिला तेलात पाणी देत आणि मग तिच्यावरचे तेल जाळून ते पाणी उतरवीत, म्हणजे जास्तीचा कठीणपणा कमी करीत. आडवा ओरखडा राहिला तर कमान तेथेच मोडते. मी स्वतः केलेल्या पहिल्या तीन कमानी अशाच मोडल्या, आणि तिसरीचा तुकडा अजून स्वयंपाकघराच्या छतात रुतून बसलेला आहे.

अक्रोड_आणि_साग यांचा प्रतिसाद:

मी फर्निचर आणि तंतुवाद्ये या दोन्हींत काम केले आहे, म्हणून सांध्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस करतो. टूलरूममध्ये आपण दोन पृष्ठभाग जुळवताना निळा रंग लावून उंचवटे शोधता. दस्ता करणारा कारागीर तेच काम दिव्याच्या काजळीने करीत असे. पट्टी ज्योतीवर धरून काळी करायची, लाकडात हलकेच दाबायची, उचलायची, आणि जेथे काळा डाग उमटला तेवढाच भाग छिन्नीने कागदाइतका पातळ सोलायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असे शेकडो वेळा केल्यावर पट्टी स्वतःच्या वजनाने नव्हे, तर अंगठ्याच्या दाबाने आत सरकते आणि सांधा बंद होतो. पट्टीची कड आतल्या बाजूस किंचित निमुळती घासलेली असते, त्यामुळे ती जितकी खोल जाईल तितकी घट्ट बसते. फट न दिसण्याचे अर्धे रहस्य या निमुळतेपणात आहे, आणि फिटर माणसाला ते लगेच पटेल.

मात्र सगळीकडे घट्ट बसवणे ही नवशिक्याची चूक आहे. पट्टीची कड घट्ट हवी, पण आत कमान आणि चाक यांना हालचालीपुरती मोकळीक हवी, कारण पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि कमान लाकडाला घासू लागली तर कळ मंदावते. ती पोकळी आवश्यकतेहून मोठी केली तर दस्ता मनगटापाशी, म्हणजे हाताच्या पकडीच्या बारीक भागापाशी, कमजोर होतो, आणि बार उडताना मागे बसणाऱ्या धक्क्याने तो नेमका तेथेच चिरतो. म्हणूनच अक्रोडाची फळी निवडतानाच तिच्या रेषा मनगटाच्या वळणाबरोबर वाहतील अशी पाहून घेत.

रंगाबद्दल आपण विचारले नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. दस्त्याला जवसाचे तेल हाताने जिरवीत आणि त्या तेलात लाल रंगासाठी एक मुळी भिजवीत. आपल्याकडे रोगनजोशला रंग देणारी रतनजोत त्याच जातकुळीची आहे.

मोडीवाचक यांचा प्रतिसाद:

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले आहे. पट्टीवरचे नाव हे बहुधा दुकानाचे नाव असते. बर्मिंगहॅमच्या बंदूक धंद्यात नळी जोडणारा, ती घासणारा, कळ घडवणारा, दस्ता करणारा, स्क्रू बसवणारा आणि नक्षी कोरणारा असे वेगवेगळे कारागीर असत. कळी मोठ्या प्रमाणात जवळच्या डार्लास्टन गावात होत, नळ्या वेन्सबरीकडे होत, आणि चकमकीचे दगड सफक परगण्यातील ब्रँडनहून येत. लंडनमधील जोसेफ मँटनसारख्या नामवंत बंदूककाराच्या दुकानातही अनेक हात राबत होते. त्याच्याकडे काम केलेल्या जेम्स पर्डी याने 1814 मध्ये स्वतःचे दुकान काढले. मालकाचे काम होते निवड करणे आणि जे पसंत पडले नाही ते परत पाठवणे, आणि ते काम कमी दर्जाचे समजू नये.

यात एक भर घालतो. रायफल आणि साधी बंदूक यांत गल्लत होते. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या पलटणींकडे चकमकीच्या बंदुका होत्या, ज्यांना जुन्या लिखाणात पथरकला म्हटले आहे, पण त्यांची नळी आतून गुळगुळीत होती. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. लंडनचा बंदूककार इझीकिएल बेकर याची रायफल ब्रिटिश सैन्याने 1800 मध्ये स्वीकारली. तिच्या 30 इंची नळीत 7 खाचा होत्या आणि त्या संपूर्ण लांबीत केवळ पाव वेढा घेत. खाच कोरण्यासाठी नळीतून दातेरी पाते लावलेला दांडा हाताने ओढत आणि एका लाकडी मळसूत्राच्या आधाराने तो फिरत असे. खोली वाढवायची असली की पात्याखाली कागदाची एक पट्टी सरकवायची.

टूलरूमवाला यांचा प्रतिसाद:

आपणा तिघांचा आभारी आहे. काजळीची गोष्ट वाचून हसू आले, कारण उमेदवारीत आमच्या उस्तादांनी मला निळा रंग संपला असताना रॉकेलच्या चिमणीवर सरफेस प्लेटचा तुकडा धरायला लावला होता, आणि मी ती त्यांची चेष्टा समजलो होतो. अजून एक शंका आहे. पट्टीवर निळे, तपकिरी आणि गवती रंगाचे ढगांसारखे डाग दिसले. ती नक्षी आहे, की पाणी देण्याचा परिणाम?

जुनी_कळ यांचा प्रतिसाद:

पाणी देण्याचाच परिणाम आहे. मऊ लोखंडाचे भाग हाडांच्या आणि कातड्याच्या कोळशासह लोखंडी डब्यात बंद करून लाल होईपर्यंत तापवीत आणि डबा पाण्यावर उलटा करीत. पृष्ठभाग कठीण होई, गाभा चिवट राही, आणि ते रंग आपोआप उमटत. ते इतके वरवरचे असतात की वर्षानुवर्षे हाताळल्यावर पुसले जातात. आपण पाहिलेल्या पट्टीवर ते शिल्लक होते, म्हणजे एक तर ती रायफल फारशी वापरली गेली नसावी, किंवा नंतर कोणी तिला पुन्हा रंगवले असावे. पुढच्या वेळी गेलात तर स्क्रूच्या डोक्यांवरच्या खाचा पाहा. त्या सगळ्या नळीच्या रेषेत आणि धारदार असतील, तर कोणी फारसा पेचकस लावलेला नाही.